सर्व्हर डाऊन असताना मुदत कुणाची संपते?

जुलै संपत आला की मराठवाड्यातल्या सेवा केंद्रांचे वेळापत्रक उलटे होते. शटर दिवसा उघडे असते, काम मात्र रात्री दीड-दोनला होते. पीक विम्याचा अर्ज भरायला आलेला शेतकरी सातबारा, आधार, पासबूक आणि पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र घेऊन सकाळीच बाकावर बसतो. पडद्यावर गोल खूण फिरत राहते. दुपारी केंद्रचालक सांगतो, "काका, कागदं ठेवून जा, रात्री साइट चालती, तवा भरतो." परंडा घ्या, गेवराई घ्या, जिंतूर किंवा किनवट घ्या, हे चित्र फारसे बदलत नाही. कोळपणी-खुरपणीचे दिवस असतात. वावर सोडून आलेल्या माणसाचा एक दिवस जातो, आणि अर्ज गेला की नाही हे त्याला दुसऱ्या दिवशी कळते. कधी कधी त्यासाठी दुसरा दिवसही मोडावा लागतो.

याला आपण 'तांत्रिक अडचण' म्हणतो आणि पुढे जातो. मला हा शब्द मान्य नाही. सार्वजनिक संगणक यंत्रणा अपुरी बांधली, तर उरलेला खर्च कुठे नाहीसा होत नाही. तो रांगेतल्या माणसाच्या मजुरीतून, त्याच्या एसटीच्या तिकिटातून आणि चुकलेल्या मुदतीतून वसूल होतो. निविदेत या खर्चाचा रकाना नसतो, म्हणून कमी क्षमतेची यंत्रणा कागदावर स्वस्त दिसते. गर्दीचा ताण कुणी सोसायचा, हे आधी ठरवले पाहिजे. सर्व्हर किती घ्यायचे, कुठे ठेवायचे, कुणाकडून चालवायचे, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

गर्दी अचानक येते, असे अधिकारी सांगतात. ती अचानक येत नाही. राज्याने २०२३ च्या खरिपात शेतकऱ्याचा विमा हप्ता एक रुपयावर आणला. आदल्या वर्षी ९६ लाखांच्या आसपास असलेले अर्ज त्या हंगामात १ कोटी ७० लाखांच्या घरात गेले. हप्ता रुपयावर आला की अर्ज वाढणार, हे सांगायला संगणकशास्त्र लागत नाही. अंतिम तारीख ३१ जुलै, हेही आधीच ठरलेले. पावसाने ओढ दिली की पेरण्या लांबतात, आणि पेरणीशिवाय पीकपेरा कुठला लिहिणार? म्हणजे मराठवाड्यातले अर्ज शेवटच्या आठवड्यातच गोळा होणार, हेसुद्धा ठाऊक. इतके सगळे ठाऊक असताना शेवटच्या दिवसांत साइट आडवी पडली. मग मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदतवाढीची बातमी येईपर्यंत ज्यांनी रात्र केंद्राच्या ओट्यावर काढली, त्यांची रात्र कुणी परत देत नाही.

हीच अडचण व्यापाऱ्यांना आली तेव्हा काय झाले, ते आठवून पाहा. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायची तारीख पूर्वी सगळ्यांना एकच होती, महिन्याची २०. त्या दिवशी पोर्टल दमायचे. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने तारखाच विभागल्या. पाच कोटींहून मोठ्या उलाढालीला २०, त्याखालच्यांना राज्यांच्या गटांप्रमाणे २२ आणि २४. महाराष्ट्र २२ च्या गटात आला. रेल्वेचेही तसेच. वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आरक्षण सकाळी १० ला उघडते, बाकीच्यांचे ११ ला. तारीख किंवा वेळ विभागायला एक सर्व्हरही जास्तीचा लागत नाही, एक परिपत्रक लागते. आठ जिल्ह्यांना आणि त्यांतल्या तालुक्यांना आठवडे वाटून देणे, ज्यांची पेरणी उशिरा झाली त्यांना शेवटचा आठवडा राखून ठेवणे, हे शेतकऱ्याच्या बाबतीत कुणाला सुचले नाही. व्यापाऱ्याच्या मागे चार्टर्ड अकाउंटंटांची संघटना उभी असते आणि ती अर्थमंत्र्यांपर्यंत पोहोचते. सेवा केंद्राबाहेरच्या रांगेला संघटना नसते.

त्याहून अवघड गोष्ट होती ७२ तासांची. पीक विम्यात पावसाने नुकसान झाले, तर त्याची सूचना ७२ तासांत ॲपवरून किंवा टोल फ्री क्रमांकावरून द्यावी लागत असे. २४ तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. आता हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडकडे जसा पाऊस कोसळला, तसा पाऊस पडला की आधी वीज जाते. वीज गेली की मोबाईलच्या टॉवरची बॅटरी काही तास साथ देते, मग तोही बंद. ओढ्याला पाणी, पुलावरून पाणी, तालुक्याचा रस्ता बंद. नेमके त्याच घटकेला ७२ तासांचे घड्याळ सुरू होते, आणि नेमके त्याच घटकेला लाखो माणसे एका ॲपवर धावतात, ज्या ॲपला सोयाबीनच्या पाण्यात उभे राहून काढलेला फोटो हवा असतो. ज्या कारणाने गर्दी होते, त्याच कारणाने संपर्क तुटतो. शहरात बसून आराखडा करणाऱ्याला या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात आणि तो त्यांचा वेगवेगळा हिशेब करतो. मराठवाड्यात त्या एकत्रच येतात.

२०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर, आणली. त्यामुळे वैयक्तिक सूचनेचा तो ताण त्या हंगामात उरला नाही, पण शेतकऱ्याचे संरक्षणही घटले. यंत्रणा सुधारण्याऐवजी हक्कच आखूड होणे मला घातक वाटते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सीना, मांजरा, गोदावरी फुगल्या. परंडा-भूमपासून नांदेडपर्यंत जमिनी खरवडून गेल्या. मदतीसाठी पुन्हा याद्या, पुन्हा विशिष्ट क्रमांक, पुन्हा ई-केवायसी आणि पुन्हा तीच केंद्रे. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसीही सुरू झाली होती. ओटीपी येईना म्हणून बायका तासन् तास ताटकळल्या. दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, हे कुणाला नवे नाही. फडावर कोयता चालवणाऱ्या बाईने नवऱ्याच्या आधारचा ओटीपी कोणत्या घटकेला सांगायचा? पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली.

आता थोडे यंत्रणेच्या पोटात शिरू, कारण 'सर्व्हर वाढवा' एवढी मागणी करून भागत नाही. बहुतेक वेळा वेबसाइट दाखवणारा सर्व्हर पडतच नाही. अडते ते मागे, जिथे प्रत्येक अर्ज एकाच डेटाबेसात लिहिला जातो. त्यात अर्ज पुढे सरकायला आधारची पडताळणी लागते, ओटीपीला मोबाईल कंपनी लागते, खाते तपासायला बँक लागते, जमिनीला भूमी अभिलेखाची नोंद लागते. ही साखळी एका दमात पूर्ण व्हावी अशी बांधली असेल, तर एक कडी मंदावली की सगळी रांग थांबते. समोर पंचवीस सर्व्हर नवे आणून ठेवले तरी ती हलत नाही.

उपाय जुने आणि सिद्ध झालेले आहेत. वाचायचे काम (असलेली माहिती नुसती पाहणे) आणि लिहायचे काम (नवी नोंद करणे) वेगळे करणे, हा पहिला. दहावीचा निकाल घ्या. पंधरा-सोळा लाख मुले आणि त्यांचे आईबाप एकाच दुपारी निकाल पाहतात. पूर्वी त्या एका संकेतस्थळावर झुंबड उडायची. आता निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर एकदमच टाकला जातो, आणि ओरड बरीच कमी झाली आहे. लाभार्थ्यांच्या याद्या, अर्जाची स्थिती, अनुदानाचे आकडे हे सगळे याच जातीचे काम आहे. दिवसातून दोनदा तयार केलेली साधी पाने ठिकठिकाणी ठेवली, तरी मूळ डेटाबेसावरचा मोठा भार उतरेल.

दुसरा उपाय माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. अर्ज घेणे आणि अर्ज तपासणे यांची गाठ सोडवायची. केंद्रावर अर्ज भरून झाला की तिथल्या तिथे त्याला क्रमांक मिळावा आणि तो अर्ज त्या संगणकात बंदिस्त व्हावा. मुख्य डेटाबेसपर्यंतचा पुढचा प्रवास यंत्रणेने सवडीने करावा. आधारची, जमिनीची, बँकेची पडताळणी रात्री किंवा चार दिवसांनी होऊ द्या. क्रमांक आधीच पडलेला असल्यामुळे तोच अर्ज चुकून दोनदा गेला, तरी यंत्रणा तो एकच धरेल. पैसे कटले, पावती आली नाही, म्हणून चालकाने पुन्हा बटण दाबले आणि जमिनीच्या एकाच गटावर दोन अर्ज झाले, हा घोळही थांबेल. हे आपल्याकडे अशक्य नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतात रेंज नसली तरी माहिती भरून ठेवायची आणि नेटवर्कमध्ये आल्यावर अपलोड करायची, ही सोय दिलेली होती. त्या ॲपच्या बाकी तक्रारी खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. पण ही एक गोष्ट शेताकडे पाहून केलेली होती.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही हलके नाहीत. पहिला असा, की विम्याला ठाम तारीख लागतेच. पावसाचा रंग पाहून माणूस विमा घेऊ लागला, तर विमाच बुडेल. हे मला मान्य आहे. म्हणूनच शिक्का अर्ज भरला त्या क्षणाचा हवा, सर्व्हरला सवड झाली त्या क्षणाचा नको. दुसरा आक्षेप: केंद्रावरच्या संगणकाचे घड्याळ मागे करून जुन्या तारखेचे अर्ज घुसवले तर? त्यालाही उत्तर आहे. अर्जाच्या संपूर्ण मजकुरातून गणिताने एक छोटा ठसा काढता येतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. तो ६४ अक्षरांत लिहिता येतो, म्हणजे एका एसएमएसमध्ये आरामात बसतो. मुख्य पोर्टल बंद असले तरी फक्त हे ठसे स्वीकारून त्यांवर वेळ टाकणारी एक हलकी, वेगळी सेवा चालू ठेवता येते. इंटरनेट नाही पण मोबाईलला एक कांडी रेंज आहे, तेवढ्यावर शेतकऱ्याला पोच मिळू शकते. नंतर आलेला अर्ज त्या ठशाशी जुळला तरच ग्राह्य.

राहिला बोगसपणाचा मुद्दा. गायरान, देवस्थान आणि सरकारी जमिनींवरही विमा उतरवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली, त्यांत आपल्या बीड जिल्ह्याचे नाव ठळक होते. ते सगळे अर्ज ऑनलाइनच भरलेले होते. प्रामाणिक माणसाला ताटकळत ठेवणारा सर्व्हर लबाडाला अडवू शकला नाही, कारण लबाडी पकडायला नोंदींची नीट जुळवणी लागते. ती मागाहून, शांतपणे केलेली बरी.

कायदा तर आपल्या बाजूने आहेच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. अर्ज दिला की पोच, पोच मिळाली की ठरलेल्या दिवसांत सेवा, आणि कारण नसताना विलंब झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. पण हे सगळे पोचेपासून सुरू होते. पोर्टल बंद असेल तर पोचच निघत नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो माणूस कार्यालयात आलाच नव्हता. हक्काच्या दारातच अडलेल्या या माणसासाठी नियमात एक वाक्य घालावे: पोर्टल जितके तास बंद राहील, तितके तास मुदतीत आपोआप जमा होतील. मंत्र्यांची घोषणा नको, आमदारांचे निवेदन नको. बंद पडल्याचे तास मोजणे यंत्राला सहज जमते. हा नियम आला की क्षमता वाढवण्याची घाई प्रशासनालाच होईल, कारण ढिसाळपणाने मुदती लांबल्या तर कामाचा अडथळा त्यांच्या टेबलावर येईल.

पैशाचे काय, हे विचारायलाच हवे. वर्षाचे दहा-पंधरा दिवस लागणाऱ्या क्षमतेसाठी बारा महिने यंत्रे घेऊन ठेवणे उधळपट्टी होईल. पण आषाढीला एसटी महामंडळ काय करते? पंढरपूरसाठी पाच हजारांच्या घरात जादा गाड्या सोडते, राज्यभरच्या आगारांतून जमवते, वारी झाली की परत पाठवते. त्यासाठी पाच हजार गाड्या कायमच्या विकत घेत नाही. भाड्याच्या संगणकीय क्षमतेचे, ज्याला क्लाउड म्हणतात त्याचे, हेच तर काम. केंद्र सरकारचा 'मेघराज' हा क्लाउडचा उपक्रम दशकाहून जुना आहे. महाराष्ट्राने २०१८ च्या सुरुवातीलाच सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले. धोरण आहे, तरतूद आहे. पण जुनी, एकाच गठ्ठ्यात बांधलेली प्रणाली उचलून क्लाउडवर ठेवली म्हणजे ती आपोआप फुगत-आकसत नाही. तिचे तुकडे वेगळे करावे लागतात, आणि तसे करून देण्याची अट निविदेत लिहावी लागते. शेवटच्या तीन दिवसांतला भार गृहीत धरून आधी चाचणी घ्या, तिचा निकाल जाहीर करा, कंत्राटदाराच्या देयकाचा मोठा भाग त्या तीन दिवसांच्या कामगिरीशी बांधा, आणि कोड शासनाच्या मालकीचा ठेवा. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण २०१५ पासून आहे. कंत्राटदार बदलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून बांधायचे, ही चैन आपल्याला परवडत नाही.

आणि हातातले यंत्र विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. फोनची क्षमता तोकडी, ॲप इंग्रजीत. पाठीमागे कितीही दणकट सर्व्हर असो, दहावी शिकलेल्या सेविकेच्या हातात अडकणारा फोन आणि न कळणारी भाषा असेल, तर यंत्रणा तिथेच संपते. ग्रामपंचायतींतले संगणक परिचालक मानधनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करतात. पीक विम्याच्या अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत. रात्री दोनला जागून काम करणारा हा तरुण आपल्या यंत्रणेचा सगळ्यांत भरवशाचा भाग आहे, आणि आराखड्यात त्याचे नाव कुठेच नसते.

स्वयंसेवी संस्थांचा प्रश्न याच मुशीतला आहे, फक्त तिथे पैसा आणखी कमी. मराठवाड्याच्या सामाजिक कामाचा मोठा भाग संकटांतून वर आला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या पुनर्वसनात गावोगावच्या बायकांना उभे करण्याच्या कामातून स्वयं शिक्षण प्रयोगसारखी संस्था या भागात रुजली. अंबाजोगाईचे मानवलोक त्याच्याही आधीपासून दुष्काळी गावांत आहे. या कामाचे वैशिष्ट्य असे, की वर्षभर शे-दीडशे कुटुंबांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेवर एका रात्रीत दहा हजार कुटुंबांच्या नोंदी ठेवायची वेळ येते. भूकंपात आली, २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा आली, २०२५ च्या पुरात आली. तेव्हा हाताशी असते काय? एक्सेलची फाइल आणि व्हॉट्सॲपचा गट. मग रस्त्याकडेच्या गावाला किराणा किट तीनदा पोहोचते आणि नदीपलीकडच्या वस्तीला एकदाही नाही. कार्यकर्त्यांच्या तळमळीत कमी नसते. कुणी कुठे काय दिले याची एक सामाईक नोंद नसते, म्हणून हे होते.

बाकीच्या वर्षात वेगळाच त्रास. मी ज्या लहान संस्था जवळून पाहिल्या, तिथे एकच आरोग्यसेविका एकाच गरोदर बाईची माहिती तीन ॲपमध्ये भरते, कारण देणगीदार तीन आहेत. प्रकल्प तीन वर्षांनी संपतो, देणगीदाराचे ॲप बंद होते, पासवर्ड ठेवणारा मुलगा पुण्याला नोकरीला जातो, आणि त्या बाईच्या तीन वर्षांच्या नोंदी कुणाच्याच हातात उरत नाहीत. देणगीदार ॲप बांधायला पैसे देतात, चालवायला देत नाहीत. उद्घाटनाचा फोटो निघतो, सर्व्हरच्या भाड्याचा निघत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने तो निधी दुसरीकडे वर्ग करण्यासही मनाई झाली. त्यामुळे दहा संस्थांनी मिळून एक यंत्रणा चालवण्याची वाट आणखी अरुंद झाली.

तरीही ती वाट शोधावी लागेल, आणि ती देशी पैशातून निघेल. क्षेत्रावर माहिती गोळा करणारी ओडीके, आरोग्याच्या नोंदी सांभाळणारी डीएचआयएस-२ ही मुक्त सॉफ्टवेअरे जगभर गरीब देशांच्या सरकारांनी आणि संस्थांनी वापरून पारखलेली आहेत. इंटरनेट नसतानाही ती फोनवर चालतात. प्रत्येक संस्थेने आपापला सर्व्हर थाटण्याऐवजी विभागात त्यांची एक सामाईक मांडणी असावी आणि तिच्यात प्रत्येकीचा स्वतंत्र, कुलूपबंद कप्पा असावा. ती सांभाळायला माणसे आपल्याकडे आहेत. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठे आहेत. हिंजवडीत जगभरच्या बँकांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांत लातूर-नांदेडची किती मुले आहेत! वाळूज-शेंद्र्याच्या उद्योगांनी आपल्या सामाजिक निधीतून अशा यंत्रणेचा पाच वर्षांचा चालू खर्च उचलावा. नवीन ॲप नको, चालवायचा खर्च द्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अत्याचारग्रस्त बाईची कागदपत्रे व्हॉट्सॲपवर फिरवणे यापुढे संस्थांना कायद्यानेही महागात पडेल. नैतिकदृष्ट्या ते आधीही चूकच होते.

शासनाकडून मात्र मागणी मोठ्या प्रकल्पाची करू नये. येत्या खरिपात आठपैकी एका जिल्ह्यात तालुकावार आठवडे ठरवून द्या, केंद्रावरच पोच द्या आणि पोर्टल बंद राहिलेल्या तासांची नोंद रोज जाहीर करा. मागच्या तीन हंगामांत ते किती तास बंद होते आणि त्या तासांत किती अर्ज अर्धवट राहिले, हा तपशील सर्व्हरच्या नोंदवहीत असायला हवा. तो मागायला विधिमंडळात एक तारांकित प्रश्न पुरतो, आणि मराठवाड्यातून विधानसभेत ४६ आमदार जातात.